रकाना क्रमांक सात

मी कोर्टासमोरचा टायपिस्ट.
जामीन, भाडेकरार, नाव बदलल्याची प्रतिज्ञापत्रं.
कुणाचंही दुःख मला दुहेरी अंतरात बसवता येतं,
धंदाच तो.

सफूराबी पहिल्यांदा आल्या तेव्हा
दिल्लीहून आलेला छापील नमुना हातात होता.
नाव : वजीहुद्दीन खतीब.
व्यवसाय : मी शिक्षक टाइप केलं. त्या म्हणाल्या, आलिम लिहा.
पत्ता : कोकणीपुरा, जुने नाशिक.
सातवा रकाना, अटकेचे ठिकाण.
माझी बोटं कळांवर थांबली.
त्या रिक्षा स्टँडकडे बघत राहिल्या.

मौलाना एक हस्तलिखित बघायला गेले होते,
कुणा काझीनं मांडलेले वारसाहक्काचे हिशेब.
हॉटेलच्या खोलीत चष्मा सापडला, चपला सापडल्या.
तिथलं सरकार म्हणतं, या नावाचा माणूस आमच्याकडे नाही.
आपलं सरकार म्हणतं, ते सरकार नाही म्हणतंय.
चौदा महिने.

आडके नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेला.
पासपोर्टची झेरॉक्स उजेडाला धरून म्हणाला,
हे पुस्तक आमच्याकडचं.
आत राष्ट्रपतींच्या नावानं विनंती छापलेली असते,
या माणसाला बिनअडथळा जाऊ द्यावं.
तीस वर्षं मी त्या विनंतीचे गठ्ठे मोजले रे.
वाटायचं, कुणीतरी वाचत असेल.

दर बुधवारी आम्ही गंगेवर टेबल लावतो, बाजारात.
इकडे सुकट, तिकडे दोरखंड आणि घुंगरं.
पोळा जवळ आला की सह्यांच्या कागदावर हिंगूळ सांडतो.
काहीतरी केलंच असेल त्यानं, एकजण म्हणतो.
आडके त्यालाही पेन देतो.
गिरणाऱ्याची भाजीवाली विचारते, तुमचा कोण?
कुणी नाही. गावातला.
माझी म्हैस हरवली तर मी तीन गावं पालथी घातली,
हा तर माणूस हाये.
मेथीची माती पदराला पुसून तिनं अंगठा दिला.
थोडी माती आलीच कागदावर.

मौलाना लोकांच्या वाटण्या करून द्यायचे.
दीड खोलीच्या, दोन म्हशींच्या, एका शिलाई मशीनच्या.
आईला सहावा, बायकोला आठवा.
बेरीज एकाच्या वर गेली की छेद वाढवायचे,
म्हणायचे, गायधनी, आकडे थोडे कापायचे,
माणसं नाही कापायची.
ते कागद मीच टाइप करायचो. चहा त्यांचा.

परवा धाकटा दीर आला, वाईट माणूस नाही,
मान खाली घालून म्हणाला,
भाभी, दुकानाचं आता काहीतरी…
तुमचा आठवा हिस्सा मी आधी काढून ठेवतो.
सफूराबींनी नवऱ्याची वही उघडली.
त्यांच्याच अक्षरात होतं :
बेपत्ता माणूस हयात धरावा.
पक्की खबर येईपर्यंत त्याच्या मालाला हात लावू नये.
वही मिटून म्हणाल्या,
मला आठवा नको.
मला अख्खा पाहिजे.

आज पुन्हा अर्ज परत आलाय.
शेरा : रकाना सात रिक्त.
याआधी मी तिथं माहीत नाही लिहून पाहिलं,
चौकशी व्हावी लिहून पाहिलं,
नुसती रेघ मारून पाहिली.
या वेळी वकिलातीच्या नावानं थेट टाइप केलं :
आपणांस ठाऊक.
मुनीबानं वाचलं. दहावीत आहे पोरगी. म्हणाली, काका, पूर्णविराम द्या.

मग सफूराबींना आठवलं, चष्म्याचा नंबर.
उजवा उणे चार, डावा उणे साडेपाच.
तिथं कुणी बरा माणूस असेल एखादा,
बनवून देईल.

नमुन्यात त्याला जागा नव्हती.
कागद तिरका घालून
मी समासात टाइप केलं.